ड्रॉप्स वेगळे, सिरप वेगळं

प्रश्न: काकू, माझी मुलगी दोन महिन्यांची झाली. दीड महिन्याची लस आरोग्य केंद्रात घेतली, त्या रात्री १०१.६ ताप, मांडी लाल होऊन सुजली आणि पोरगी पहाटेपर्यंत थांबून थांबून रडत होती. सिस्टरांनी तापाचे ड्रॉप्स दिले होते, ते माझ्या हातून सांडले. मिस्टरांनी मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणलं ते सिरप निघालं, त्याच जुन्या ड्रॉपरने अर्धा एमएल दिलं, काही फरक पडला नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या मेफ्टाल दे, एका डोसात ताप उतरतो. लंडनची नणंद म्हणते तिकडे लसीच्या वेळीच औषध देतात, तू तापाची वाट का बघतेस. सासूबाई म्हणतात पुढची लस आता नकोच, आणि एक डॉक्टर म्हणाले पेनलेस घ्या. येत्या बुधवारी अडीच महिन्याची लस आहे, वजन ४.८ किलो. अजून एक, सासऱ्यांनी फ्लूची लस घेतली, अंग दुखतंय म्हणून कॉम्बिफ्लाम आणि डोलो दोन्ही घेतायत, त्यांना रक्त पातळ करायची गोळी पण चालू आहे. चालतं का?
– झोप उडालेली आई, नाशिक जिल्हा

अगं पोरी, तुझं पत्र वाचून पहिले त्या अर्ध्या एमएलवर बोट ठेवलं मी. तीस वर्षं मेडिकल चालवतेय, लसीच्या दिवशी संध्याकाळी सात ते नऊ काउंटरवर कोण येतं तर हातात मोबाईल धरलेला बाप, फोनवर घरचं कोणीतरी ओरडतंय, आणि त्याला एवढंच सांगून पाठवलंय की "तापाचं औषध आण लहान मुलाचं". तो मागतो ते आम्ही देतो. इथेच गडबड होते बघ, कारण "लहान मुलांचं पॅरासिटामॉल" अशी एक वस्तू नाहीये, निदान तीन आहेत आणि तिन्हीच्या खोक्यावर हसरं बाळ आहे.

ड्रॉप्स असतात त्यात बहुतेक कंपन्यांचं प्रमाण एका एमएलमध्ये १०० एमजी. सिरप असतं त्यात पाच एमएलमध्ये १२५, म्हणजे एका एमएलला २५च. आणि मोठ्या मुलांचं जरा कडक सिरप येतं, पाच एमएलला २५०, म्हणजे एमएलला ५०. आता बाळाला किती द्यायचं हे वयावर नाही, वजनावर ठरतं, किलोमागे १० ते १५ एमजी एका वेळेला. तुझी लेक ४.८ किलो, म्हणजे तिला एका वेळी साधारण ४८ ते ७२ एमजी लागणार. ड्रॉप्समधून म्हणशील तर अर्धा एमएल ते फार तर पॉइंट सात. तू दिलंस अर्धा एमएल पण सिरपचं, आणि ते साधं सिरप असेल तर तिच्या पोटात गेले साडेबारा एमजी, म्हणजे जेवढं लागत होतं त्याच्या चौथाईच्या आसपास. त्यामुळे औषध लागू पडलं नाही असं झालंच नाही, औषध पोचलंच नाही. आणि मग पुढे काय होतं ते तुझ्या पत्रातच आहे, साध्या औषधाने उतरत नाही म्हणजे आता जोरदार काहीतरी द्या.

पण देवाची कृपा म्हण की तुझी चूक या बाजूला झाली. उलटी झाली असती तर? एक आजी आल्या होत्या माझ्याकडे, थोरल्या नातवाला "एक चमचा" द्यायची सवय हाताला बसलेली, धाकट्याचे ड्रॉप्स त्याच चमच्यात ओतणार होत्या. पाच एमएल ड्रॉप्स म्हणजे ५०० एमजी, मोठ्या माणसाची अख्खी गोळी, पाच किलोच्या बाळाला. नशीब त्या आधी विचारायला आल्या की बाटली एवढीशीच कशी येते, एका दिवसात निम्मी संपणार. मी काउंटरच्या बाहेर आले, अशी धडकी भरली. पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हरवर जातं आणि पहिला दिवसभर बाहेरून काही कळत नाही, त्यामुळे कधी असं झालंच तर "बाळ खेळतंय की" म्हणून घरी बसायचं नाही, बाटली घेऊन सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आणि खरं सांगू का, मी स्वतः, बी.फार्म झालेली बाई, माझ्या मुलाच्या वेळी रात्री तीन वाजता लाइट न लावता अंदाजाने औषध दिलंय आणि सकाळी बघते तर ड्रॉपर दुसऱ्याच बाटलीचा. काही झालं नाही, पण तेव्हापासून घरात नियम, ज्या बाटलीचा ड्रॉपर त्याच बाटलीला, बाटली संपली की ड्रॉपर पण केरात.

तर बुधवारी जाशील तेव्हा एवढं कर, आरोग्य केंद्रातून ड्रॉप्स मिळतील ते किंवा तुझ्या घरी आहे ती बाटली सिस्टरांसमोर धर, बाळाचं वजन त्याच दिवशी करून घे आणि म्हण की "सिस्टर, या बाटलीतलं किती एमएल ते कार्डावर लिहून द्या". नुसतं "पाच थेंब" किंवा "पाव चमचा" असं तोंडी नको, आकडा हवा आणि त्याच्या पुढे एमएल हवं. बाळ अजून तीन महिन्यांचं पण नाही, या वयात औषधाचा आकडा नर्सच्या किंवा डॉक्टरच्या हातचाच असावा, माझं वरचं गणित तू पडताळून बघायला आहे, तेवढ्यावर औषध सुरू करायला नाही. दोन डोसमध्ये चार ते सहा तास तरी जायला पाहिजेत आणि २४ तासांत चारच्या वर नाही. देताना डोकं जरा उंच, गालाच्या आत कडेने हळूहळू सोडायचं, घशात पिचकारी मारायची नाही. आणि फ्रीजवर कागद चिकटव, किती वाजता दिलं ते लिहायला, कारण रात्री एक डोस तू देणार आणि तासाभराने मिस्टर उठून "हिला दिलंच नाही वाटतं" म्हणून अजून एक देणार, हे घराघरात होतं गं.

आता ताप येतोच का ते सांगते म्हणजे सासूबाईंना पण सांगता येईल. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला जी पेंटा देतात ती एका सुईत पाच आजारांची, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी, आणि हिब म्हणून एक जंतू आहे जो न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करतो त्याची. यातला डांग्या खोकल्याचा जो भाग आहे तो मारलेल्या अख्ख्या जंतूचा असतो, म्हणून शरीर जरा जोरात उठतं. साधारण निम्म्या बाळांना या लसीनंतर ताप, मांडीला सूज, चिडचिड यातलं काहीतरी होतं. म्हणजे तुझ्या पोरीला वेगळं काही झालेलं नाही. ताप त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत चढतो आणि एक-दोन दिवसांत जातो. मांडीत वाटाण्याएवढी गाठ कधीकधी काही आठवडे लागते हाताला, ती लाल नसेल, गरम नसेल, दुखत नसेल तर तिला तिच्या नादाने राहू दे. पेंटा डाव्या मांडीत असते, त्यामुळे बुधवारी घरी आल्यावर लंगोट बांधताना, उचलताना तो पाय जरा जपून.

सासूबाईंना थेट "लस बंद नको" असं सांगायला जाऊ नको, वाद होईल. आमच्याकडे पण हेच झालेलं. त्यांना विचार की त्यांच्या लहानपणी गावात कोणाला डांग्या खोकला झालेला बघितलाय का. त्या पिढीतल्या बायकांनी बघितलेला असतो, पोर खोकून खोकून निळं पडतं, श्वास ओढताना शीळ वाजते, महिना-दोन महिने चालतं. आणि तो जिवावर उठतो तो याच वयाच्या बाळांच्या, म्हणून तर शाळेत जाईपर्यंत थांबत नाहीत. पहिल्या डोसला नुसता ताप आला हे पुढचा डोस थांबवायचं कारण नाही. फिट आली असती, बाळ एकदम पांढरंफटक आणि लुळं पडलं असतं, किंवा अंगभर गांधी उठून श्वास लागला असता, तर गोष्ट वेगळी, मग सिस्टरांना आधी सांगायचं आणि डॉक्टर ठरवतील. तुझ्या पत्रात तसलं काही नाही. पण थांबून थांबून रडत होती म्हणालीस, मध्ये झोपली, दूध प्यायली ना? सलग तीन तास आणि वर, काही केल्या न थांबणारं रडणं असेल तर तेही बुधवारी सुई देण्याच्या आधी सांग.

सासूबाईंना एक काम मात्र नक्की दे, त्यांच्या हाताला बाळाची सवय आहे. स्वच्छ फडकं साध्या गार पाण्यात भिजवून पिळून मांडीवर ठेवायचं, गरम वाटलं की परत भिजवायचं. शेक नको. तव्यावर गरम केलेलं फडकं, हळदीचा लेप, तूप, बर्फाचा खडा, यातलं काहीच त्या जागी नको. मालिशवाली बाई येत असेल तर दोन दिवस तिला सुट्टी, किंवा निदान मांडीला हात नाही. आणि ती शेगडी! ताप आलेल्या बाळाला टोपडं, झबलं, दोन दुपटी, वर घोंगडी आणि खोलीत ओव्याची धुरी, मग थर्मामीटर १०२ दाखवणार नाही तर काय करणार. एक पातळ झबलं ठेव, खिडकी थोडी उघड, मग अर्ध्या तासाने काखेत थर्मामीटर लावून बघ. मी असे ताप उतरलेले बघितलेत ज्यांना औषधाचा एक थेंब लागला नाही. झोप लागावी म्हणून गुटीत जायफळ जास्त उगाळायचं हे पण या दिवसांत अजिबात नको, कारण बाळ गुंगीत आहे की लसीमुळे मलूल आहे हे मग कोणालाच कळत नाही. अंगावर दूध मात्र मागेल तेवढं. सुई टोचताना आणि टोचल्यावर लगेच पाजलं तर रडणं खरंच कमी होतं, सिस्टरांना विचारून मांडीवर घेऊनच बस. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबायला सांगतात ना, तेव्हा बसची घाई करू नको, क्वचित जी ॲलर्जी येते ती त्याच वेळात येते.

नणंदबाई खोटं बोलत नाहीयेत हं. तिकडे ब्रिटनमध्ये मेनिन्जायटिस बी ची लस बाळांना देतात, तिने ताप जास्त येतो म्हणून त्या लसीबरोबर पॅरासिटामॉल लगेच सुरू करा, एकूण तीन डोस द्या, असं तिथलं सरकारच सांगतं. पण आपल्या सरकारी यादीत ती लस नाही. बाकी लसींसाठी आधीच औषध देऊन ठेवायची पद्धत मागे पडली त्याला कारण आहे, २००९ साली चेक देशात ४५९ बाळांवर अभ्यास झाला त्यात दिसलं की लसीच्या वेळीच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांना ताप कमी आला, पण काही लसींची ॲंटीबॉडी पण कमी बनली. म्हणजे लस फुकट गेली असं अजिबात नाही, तरी गरज नसताना द्यायचं कशाला. ताप आला, बाळ अस्वस्थ आहे, दूध धड पीत नाही, तेव्हा दे. १००.५ आहे पण बाळ टकामका बघतंय, हसतंय, पितंय, तर थर्मामीटरच्या आकड्याला औषध पाजू नको. आणि हो, नणंदेने तिकडची बाटली पाठवली तर त्यातलं प्रमाण अजून वेगळं असतं, पाच एमएलला १२०, परत गणित आलं.

मेफ्टालबद्दल जरा कडक बोलते कारण रोज बघते. त्यात मेफेनॅमिक ॲसिड असतं. आपल्याकडे ते तापाला सर्रास मागतात कारण ताप खटकन उतरतो, आणि एकदा उतरला की वहिनी पुढच्या दहा जणींना सांगतात. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते द्यायचं नसतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने या औषधावर सावधगिरीची सूचना काढली होती, क्वचित कोणाला पुरळ, ताप, गाठी सुजणं आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर रिॲक्शन येते म्हणून. डॉक्टरांनी मोठ्या मुलाला लिहून दिलं तर गोष्ट वेगळी, शेजारच्या सल्ल्याने दोन महिन्यांच्या पोरीला नाही म्हणजे नाही. आयब्युप्रोफेन पण या वयात आपल्या मनाने नाही. ॲस्पिरिन तर लहान मुलांना तापात कधीच नाही, आणि कोणाच्या कपाटात निमसुलाइडचं जुनं सिरप असेल तर ओतून टाक, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११ पासून बंदी आहे. तुझ्या लेकीसाठी औषध एकच, साधं पॅरासिटामॉल. सर्दी-खोकला-ताप असं सगळं एकत्र लिहिलेलं ते पण नाही.

पेनलेस म्हणजे सुई दुखत नाही असा लोकांचा समज आहे, सुई दुखतेच. त्यात डांग्या खोकल्याच्या अख्ख्या जंतूऐवजी त्याचे निवडक तुकडे असतात म्हणून नंतरचा ताप आणि सूज कमी. उलट बाजू अशी की अख्ख्या जंतूच्या लसीचं डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण जास्त वर्षं टिकतं, आणि पेनलेसला पैसे हजारांत. ती वाईट लस आहे असं मी म्हणणार नाही, परवडत असेल आणि तुमच्या डॉक्टरांना योग्य वाटत असेल तर घ्या, पण एका रात्रीच्या तापासाठी कर्ज काढून घ्यायची वस्तू नाही ती. तुझ्या जागी मी असते तर आरोग्य केंद्रातच गेले असते.

डॉक्टरकडे पळायचं कधी ते लक्षात ठेव. बाळ दूध ओढतच नाही, सहा-आठ तासांत लंगोट ओला नाही, हाक मारली हलवलं तरी डोळे उघडत नाही, फिट, निळेपणा, श्वास जोरात, टाळू वर आलेली, सलग तीन तास रडणं, ताप १०२ च्या वर किंवा दोन दिवसांनंतरही ताप, यातलं एक जरी असलं तरी रात्र असो की दिवस. एवढ्या लहान बाळाचा ताप प्रत्येक वेळी लसीचाच असेल असं नाही, लसीच्या दिवशी योगायोगाने दुसरंच इन्फेक्शन पण असू शकतं. आणि त्रास झाला तर सिस्टरांना किंवा आशाताईंना कळव, त्याची सरकारी नोंद होते, तक्रार केल्यासारखं वाटून घेऊ नको.

आता सासरे. त्यांना सांग की लसीचा फ्लू होत नाही, इंजेक्शनने देतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो, दंड दुखणं, अंग मोडून येणं, थोडी कणकण हे एक-दोन दिवसांचं असतं. पण गोळ्यांचं प्रकरण मला आवडलेलं नाही. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं, डोलोत पॅरासिटामॉल ६५०. दोन्ही दिवसातून तीन-तीन घेतल्या तर पॅरासिटामॉलच २९२५ एमजी झालं, वर सर्दीची एखादी गोळी घेतली की त्यातही बहुधा तेच असतं, आणि म्हातारपणी, त्यात कोणी रात्री एखादा पेग घेणारं असेल तर ही बेरीज लिव्हरला जड जाते. पण खरी भीती आयब्युप्रोफेनची. रक्त पातळ करायची गोळी आणि ते, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय ती गोळी ॲस्पिरिनची असेल, हृदयासाठी छोटी देतात ती, तर आयब्युप्रोफेन तिचं काम पण अडवू शकतं. बीपी वाढवतं, किडनीला त्रास देतं तो भाग वेगळाच. तेव्हा कॉम्बिफ्लाम आजच बंद, डायक्लोफिनॅक आणि झिरोडॉल-पी पण त्याच गल्लीतल्या. डोलो एकटी घेऊ देत, गरज लागली तरच, सहा-आठ तासांच्या अंतराने, एक-दोन दिवस. ती गोळी वॉरफॅरिन असेल तर पॅरासिटामॉल सुद्धा रोजच्या रोज ओढत न्यायचं नाही, त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगायचं. कॉम्बिफ्लाम किती दिवस घेतली हे पण सांगा, आणि संडास काळी डांबरासारखी झाली का ते लाज न बाळगता विचार, झाली असेल तर आजच दवाखाना. रक्त पातळ करायची गोळी मात्र कोणी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

आणि पावसाळ्याचे दिवस आहेत, दोन दिवसांच्या वर ताप गेला तर लसीवर ढकलू नका, डेंग्यूची तपासणी करा. डेंग्यूची शंका असेपर्यंत घरात कोणालाच आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, मेफ्टाल नाही.

तुझ्या मिस्टरांना पण एक सांग, मेडिकलमध्ये गेल्यावर "बाळ दोन महिन्यांचं, वजन ४.८, ड्रॉप्स पाहिजेत, सिरप नको" एवढं वाक्य बोलायचं, जमलं तर आधीच्या खोक्याचा फोटो दाखवायचा. ते उघडलेलं सिरप टाकून देऊ नका, पण खोक्यावर मार्करने मोठं "सिरप" लिहून वरच्या फळीवर ठेवा. आणि बुधवारी रात्री पहिली पाळी त्यांची, तू संध्याकाळी आठला पाजून झोप, अकराला उठ.